रोश पिना : कोनशिला की पायाचा दगड?

उत्तर इस्राएलच्या गालील भागातल्या रोश पिना या डोंगरउतारावरच्या ज्यू गावाच्या नावाचा अर्थ 'पायाचा दगड' असा द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : देऊ नका. 'कोनशिला' लिहा.

हिब्रूत 'रोश' म्हणजे डोकं आणि 'पिना' म्हणजे कोपरा. यातला 'रोश' आपल्याकडे अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याला 'नव्याचा सण' म्हणत आले, त्या रोश हशानातला, म्हणजे वर्षाच्या डोक्यातला, तोच हा शब्द. गावाचं नाव बायबलातल्या ११८व्या स्तोत्रातून घेतलंय : बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगडच पुढे कोपऱ्याचा मुख्य दगड झाला. मराठी बायबलात इथे 'कोनशिला' हाच शब्द आहे. म्हणजे प्रतिशब्द तयारच आहे.

पायाचा दगड जमिनीत गाडला जातो, दिसत नाही. कोपऱ्याचा दगड दिसतो. आमच्या घराची भिंत नव्याने बांधताना गवंड्याने आधी दोन्ही कोपऱ्यांचे चिरे बसवले, ओळंबा लावून तपासले, मग त्यांच्यात सूत ताणलं आणि मधले चिरे त्या सुतात घेतले. कोपरा चुकला की दोन भिंती चुकल्या. स्तोत्रातल्या दगडाचा मान हा आहे. (काही अभ्यासक तो कोपऱ्याच्या माथ्यावरचा दगड मानतात. तसं धरलं तर 'पाया' आणखीच दूर जातो.)

आणि हे नाव त्या गावाला किती लागू पडतं पाहा! १८७८मध्ये जवळच्या सफेद शहरातल्या ज्यूंनी जाऊना या अरब गावाची काही जमीन विकत घेऊन वस्ती केली. 'जाऊना'शी जुळणारं हिब्रू नाव ठेवलं 'गे ओनी', माझ्या सामर्थ्याचं खोरं. दुष्काळाने ती वस्ती जवळजवळ उठली. टाकून दिलेल्या त्याच जागी १८८२मध्ये रुमानियाहून, मुख्यतः मोइनेश्ट गावातून, कुटुंबं आली आणि त्यांनी नाव ठेवलं रोश पिना. पुढे फ्रान्समधले धनिक बॅरन रोथशिल्ड यांच्या मदतीने तुती लावून रेशीमही करून पाहिलं, ते टिकलं नाही; गाव टिकलं. शेजारचं जाऊना मात्र १९४८च्या युद्धात ओस पडलं. गावाची गोष्ट सांगताना हे वगळू नये असं मला वाटतं.

एक अडचण आहेच. आज 'कोनशिला' म्हटलं की मंत्र्यांनी अनावरण केलेली संगमरवरी पाटी डोळ्यांसमोर येते. म्हणून पहिल्या उल्लेखात एवढं जोडा : 'रोश पिना, म्हणजे कोनशिला, दोन भिंती जिथे मिळतात तिथला मुख्य दगड'. पुढे नुसतं रोश पिना पुरे.