संग्रहालयाच्या डेटाबेसमधल्या नोंदींना हजारो फोटो एकदम कसे जोडायचे?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की फोटो आणि नोंदी दोन्ही क्रमानेच आहेत, मग एक्सेलमध्ये शेजारी-शेजारी पेस्ट करून लिंक केले तर चालेल का. ते वाचलं आणि राहवलं नाही. नाही चालणार. हेच वाक्य मी नागपुरात एका खासगी ट्रस्टच्या संग्रहाचं काम करताना ऐकलंय, आणि त्यावरून तिथल्या प्रकल्पप्रमुखांशी माझं कडाक्याचं वाजलंय.

संग्रह छोटाच होता. मातीचे दिवे, मणी, नाणी, थोडी तांब्याची हत्यारं. फोटो काढायला मे महिना निवडला. स्टोअरमध्ये कूलर लावता येत नव्हता, कारण त्याची ओल तांब्याला खाते. फोटोग्राफर बिचारा घामाने निथळत ट्रे समोर आला की भराभर क्लिक करत सुटायचा. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की प्रत्येक वस्तूजवळ, स्केलच्या बाजूला, दाखल क्रमांकाची, म्हणजे रजिस्टरमध्ये त्या वस्तूला दिलेल्या नंबरची चिठ्ठी ठेवा. फ्रेममध्ये नंबर आलाच पाहिजे. उत्तर ठरलेलं: "चिठ्ठ्या लिहिण्यात वेळ जातो. ट्रे रजिस्टरच्या क्रमानेच येतात, नंतर जोडून टाकू."

जोडले. एकही एरर आली नाही. फोटो जितके, नोंदी तितक्याच, त्यामुळे सगळे खूश. मग स्टोअर सांभाळणाऱ्या काकांना सहज स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाले, "हा दिवा या नंबरचा नाही जी. त्याची चोच फुटली आहे, मीच कापसात गुंडाळून ठेवला. हा तर अख्खा दिसून राहिला."

फोल्डर उघडून बघितलं. आधीच्या एका दिव्याचा फोटो हलला होता म्हणून दुसऱ्यांदा काढला, पण पहिला उडवलाच नव्हता. तिथून पुढचा प्रत्येक फोटो एक ओळ खाली सरकला. बऱ्याच पुढे एक मणी प्रदर्शनाच्या कपाटात असल्यामुळे फोटोतून सुटला होता, तिथे गाडी परत रुळावर आली. एक जास्त, एक कमी, म्हणून बेरीज जुळली. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, आणि मधल्या सगळ्या नोंदींवर शेजारच्या वस्तूचा फोटो. प्रकल्पप्रमुखांनी तपासणीला पहिल्या आणि शेवटच्या नोंदीच उघडल्या होत्या.

म्हणून जोडणी फाइलच्या नावावरूनच करा. संग्रहालयांच्या नोंदींसाठीचं सॉफ्टवेअर कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस काय किंवा पास्टपरफेक्ट काय, फाइलच्या नावातला क्रमांक नोंदीच्या क्रमांकाशी ताडून एकगठ्ठा जोडणी होते. दाखल क्रमांकात तिरकी रेघ असेल तर ती विंडोजच्या फाइलनावात चालत नाही. तिच्या जागी सगळीकडे एकच चिन्ह ठरवा. एकाच वस्तूचे अनेक फोटो असतील तर क्रमांकानंतर अंडरस्कोर आणि ०१, ०२. एक्सेलमध्ये क्रमांकाचा रकाना आधी टेक्स्ट करा, नाहीतर ०४५ चं ४५ होतं आणि १२-३ ची तारीख होते. काही नोंदींत आकडे देवनागरी आणि फाइलनावांत इंग्रजी असतील तर डोळ्यांना सारखेच वाटतील, संगणकाला नाही. कलेक्टिव्हअ‍ॅक्सेसमध्ये जुळणी न सापडल्यास नवी नोंद तयार करण्याचा पर्याय असतो. तो निवडू नका, फक्त असलेल्या नोंदींशीच जोडा.

कॅमेऱ्याने दिलेल्या नावांवर तर अजिबात विसंबू नका. निकॉनचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, आणि दोन कार्डं एकाच फोल्डरात ओतली की त्याच नावाच्या जुन्या फाइलवर नवी चढू शकते.

फाइलला 'तांब्याची कुऱ्हाड' असं वर्णनाचं नाव द्या म्हणणारेही भेटतील, आम्हालाही भेटले. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला ४२४ तांब्याच्या वस्तू एकत्र सापडल्या होत्या. असा साठा समोर असला तर त्या नावाचं काय करणार? दिवा निदान फुटका होता म्हणून ओळखू आला. सारख्या दिसणाऱ्या कुऱ्हाडींची अदलाबदल कुठल्या काकांनाही स्क्रीनवर कळली नसती.

आता तुमचे फोटो चिठ्ठीशिवायच काढून झाले असतील, तर सॉफ्टवेअर मदतीला येणार नाही. वस्तूच्या तळाशी शाईने लिहिलेला नंबर एखाद्या फोटोत आलाय का ते झूम करून बघा. नसेल तर ट्रे काढा आणि वस्तू हातात घेऊन ताडा. नावं बदलण्याआधी मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, हे सांगायचं राहिलंच होतं.

प्रकल्पप्रमुख शेवटपर्यंत याला 'डेटा एन्ट्रीतली किरकोळ गफलत' म्हणत राहिले. मला ते आजही मान्य नाही. फोटोची जागा रिकामी असली तर निदान काम बाकी आहे हे दिसतं. चुकीचा फोटो लागला की कोणी पुन्हा बघत नाही, आणि उद्या तोच दिवा चोरीला गेला तर पोलिसांच्या हातात आपण दुसऱ्याच दिव्याचा फोटो ठेवू.