तीन बाथरूमच्या घराला कॉम्बी बॉयलर? आधी बादली लावून बघ

भावा, तुझा प्रश्न वाचला. राजारामपुरीतलं बिऱ्हाड आवरून तू मार्चमध्ये इंग्लंडला, रेडिंगला येतोयस. चार बेडरूम, तीन बाथरूमचं घर जवळजवळ ठरलंय, हिवाळ्यात आई-बाबाही येऊन राहणार आहेत. बॉयलर जुना झालाय आणि एजंट म्हणतोय, सगळ्यात मोठा कॉम्बी बसवून टाका, टाकीची जागाही वाचेल. माझं मत सरळ सांगतो: तुझ्या घराला कॉम्बीचा नाद सोड. मी इथे चौदा वर्षं आहे आणि पहिल्या घरात हीच चूक केली होती.

आपल्याकडे प्रत्येक बाथरूमला आपापला गिझर असतो. एकाने नळ सोडला म्हणून दुसऱ्याचं पाणी गार पडत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्या डोक्यातच येत नाही. इथे सगळ्या घराला मिळून एकच बॉयलर. तोच खोल्यांमधले रेडिएटर तापवतो, तोच अंघोळीचं पाणी देतो. कॉम्बी पाणी साठवत नाही. नळ उघडला की वाहतं पाणी जागच्या जागी तापवतो. एका बाथरूमच्या फ्लॅटला यापेक्षा चांगलं काही नाही.

आता हिशेब बघ. जानेवारीत इथे नळाला येणारं पाणी सहा-सात अंशांचं असतं. अंघोळीला ते चाळीसच्या वर न्यायचं, म्हणजे जवळजवळ ३५ अंशांची वाढ. तेवढी वाढ करून ३० किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी देतो, ४० किलोवॅटचा १६ लिटर. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर घेतो, डोक्यावरचा मोठा गोल शॉवर त्याहून बराच जास्त. म्हणजे सगळ्यात मोठा कॉम्बी घेतलास तरी हिवाळ्यात दोन शॉवर जेमतेम चालतील, तिसऱ्याचं नावच नको. जाहिरातीतला लिटरचा आकडा किती अंशांच्या वाढीचा आहे तेही बघत जा. काही ठिकाणी तो ३० अंशांवर काढलेला असतो, त्यामुळे फुगलेला दिसतो.

पहिल्या डिसेंबरात आई आली होती. मंगळवार पेठेतल्या घरी तांब्याच्या बंबाचं पाणी घेत आयुष्य गेलेली बाई. ती शॉवरखाली असताना बायकोने खाली स्वयंपाकघरात भांड्यांसाठी गरम नळ सोडला आणि वरचं पाणी एकदम गार झालं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती पहाटे साडेचारला उठून, सगळे झोपेत असताना अंघोळ उरकायला लागली. मला हे कळायला दहा दिवस लागले, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. बॉयलर बसवणाऱ्याने घरात माणसं किती, सकाळी किती जण एकदम अंघोळ करतात, हे विचारलंच नव्हतं. मलाही ते सांगायचं सुचलं नाही.

तुला हवाय तो सिस्टिम बॉयलर, म्हणजे नळाचं वाहतं पाणी न तापवता टाकीतलं पाणी तापवणारा, आणि त्याच्या जोडीला गरम पाण्याचा सिलिंडर. इथे सिलिंडर म्हणजे गॅसचा नव्हे. जाड आवरण घातलेली उभी टाकी, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच्या कपाटात असते. बंबाचाच मोठा भाऊ म्हण. त्यात पाणी ६० अंशांवर ठेवायचं. त्याहून फार कमी ठेवलं तर साठलेल्या पाण्यात लिजिओनेला हे फुफ्फुसाचा आजार करणारे जंतू वाढायची भीती असते. २५० लिटरच्या टाकीतलं असं पाणी गार पाण्यात मिसळलं की अंघोळीचं सुमारे ४०० लिटर होतं. प्रत्यक्षात थोडं कमी धरलंस तरी सहा माणसांना एका सकाळला साधारण पुरतं, आणि बॉयलर मधल्या वेळात टाकी पुन्हा तापवत असतो. दिवाळीची पहिली अंघोळ डोळ्यासमोर आण: पहाटे पाचला तिन्ही बाथरूममध्ये उटणं लावून माणसं उभी. मापं घ्यायची ती त्या पहाटेची.

सिलिंडरला आतून विजेचं तीन किलोवॅटचं इमर्शन हीटर असतं. दुसऱ्या घरात ऐन थंडीत बॉयलर बंद पडला तेव्हा रात्री ते लावलं आणि सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. कॉम्बी बंद पडला की पाणीही गेलं, ऊबही गेली.

पण एक अट आहे आणि ती घर घेण्याआधीच तपासायची. या सिलिंडरला थेट रस्त्यावरच्या लाइनचं पाणी येतं, त्यामुळे लाइनला जोर हवा. घर बघायला जाताना दहा लिटरची बादली घेऊन जा. बागेतला नळ पूर्ण सोडून मोबाइलवर वेळ लाव. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर, काम होईल. पाऊण मिनिट लागलं तर जरा विचार कर. आत दुसरा नळ सोडून पुन्हा मोज, खरी गोष्ट तेव्हा कळते. जुन्या घरांत रस्त्यापासूनची नळीच बारीक असते. ती बदलायचा खर्च घराच्या किमतीतून कमी करून माग, किंवा माळ्यावर टाकी असलेली जुनी पद्धत ठेवून पंप लाव. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच ते.

बॉयलर मात्र लहानच घे. टाकी असली की किलोवॅट घराच्या थंडीवर ठरतात, नळांवर नाही. चार बेडरूमच्या बऱ्याच घरांना १५-१८ पुरतात. गरजेपेक्षा मोठा घेतला की तो सारखा चालू-बंद होतो आणि गॅस वाया जातो. टाकी मोठ्या कॉइलची (आतल्या तापवणाऱ्या वेटोळ्या नळीची), हीट पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब घरात आणणाऱ्या विजेच्या यंत्राला, चालणारी माग. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. पुढे कधी तिकडे वळलास तर टाकी बदलावी लागणार नाही.

रेडिंगचं पाणी कडक आहे. किटलीच्या तळाशी आठवड्याभरात पांढरा थर दिसेल, तोच टाकीत आणि नळ्यांत बसतो. पाण्याचा कडकपणा काढणाऱ्या सॉफ्टनरसाठी जागा सोडून ठेव.

माणूस बोलावताना गॅस सेफ, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं कार्ड मागायला लाजू नकोस. कोणत्या कामाची परवानगी आहे ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. दाबाखालच्या सिलिंडरसाठी जी-थ्री ही वेगळी पात्रता लागते, तीही विचार. बॉयलरमध्ये वाफेचं जे पाणी होतं ते बाहेर सोडणारी नळी भिंतीबाहेरून लांब फिरवू देऊ नकोस. कडाक्याच्या थंडीत ती गोठते आणि बॉयलर बंद पडतो. तसं झालंच तर नळीवर कोमट पाणी ओत, उकळतं नको.

बाथरूमच्या जमिनीला इथे मोरी नसते. आई-बाबांना बादली-तांब्याच लागत असेल तर निदान एका बाथरूममध्ये टब राहू दे, बादली त्यात ठेवता येते.

बादलीचे आकडे, कपाटाची उंची-रुंदी आणि घरात एकूण किती माणसं असणार ते कळव. टाकी किती लिटरची लागेल ते मी काढून देतो.