एका व्हिकारने स्वतःचंच पॅरिश का तोडलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगा लीड्सला असतो, त्याच्याकडे राहून आलो. तिथलं मिन्स्टर, म्हणजे शहरातलं मुख्य चर्च पाहिलं, ते १८४१ चं आहे म्हणाले. पण त्याशिवाय शहरात जिकडे जावं तिकडे त्याच काळातली चर्चेस. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोक एवढे भाविक होते का हो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काका, खरं तर उलटं आहे, लोक चर्चमध्ये येत नव्हते म्हणून एवढी चर्चेस बांधली गेली. लीड्स म्हणजे लोकरीच्या आणि लिननच्या कापडाच्या गिरण्या, १८०१ साली वस्ती ५३ हजार आणि १८४१ ला दीड लाखाच्या वर, म्हणजे चाळीस वर्षांत जवळपास तिप्पट. माणसं खेड्यांतून गिरण्यांमागे आली आणि पाठीला पाठ लावलेल्या, मागे खिडकीच नाही अशा घरांमध्ये राहिली. आणि कायद्याने हे सगळं अख्खं शहर एकच पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग! त्याचा प्रमुख धर्मगुरू म्हणजे एक व्हिकार आणि त्याच्या हाताखाली छोटी छोटी चॅपल्स, त्यांना धड अधिकार नाहीत की धड उत्पन्न नाही.

१८३७ मध्ये वॉल्टर फारकार हुक इथे व्हिकार म्हणून आले आणि त्यांनी पाहिलं की गावाचा खरा धर्म मेथडिस्टांचा, म्हणजे वेगळ्या झालेल्या एका प्रोटेस्टंट पंथाचा आहे, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडचं सरकारमान्य चर्च नावाला. चर्च वॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे लोक, निवडून यायचे ते बहुतेक चर्चच्या विरोधातले, कारण चर्चच्या डागडुजीचा कर सगळ्यांनाच भरावा लागायचा, मग तुम्ही दुसऱ्या पंथाचे असलात तरी. स्वतःच्या चॅपलसाठी वर्गणी द्यायची आणि वर हाही कर द्यायचा, तर माणूस चिडणारच ना. (हा सक्तीचा कर देशभरात बंद व्हायला १८६८ उजाडलं.)

हुकनी आधी मुख्य चर्च, म्हणजे तुम्ही पाहिलेलं मिन्स्टर, हातात घेतलं. दुरुस्तीच करायची होती, पण भिंती उघडल्यावर इमारत धोक्याची निघाली म्हणून पाडून नवीन बांधलं. आर्किटेक्ट चँट्रेल. पाडताना जुन्या टॉवरच्या बांधकामात अँग्लो सॅक्सन काळातल्या कोरीव दगडी क्रॉसचे तुकडे सापडले, ते चँट्रेल चक्क स्वतःच्या घरी घेऊन गेले आणि लीड्सला परत यायला कित्येक वर्षं लागली, आता तो क्रॉस आतच उभा आहे, पाहिला नसेल तर पुढच्या वेळी नक्की बघा. २ सप्टेंबर १८४१ ला चर्चचा अभिषेक झाला, गर्दीत तरुण फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. पुढच्या वर्षी ऑर्गनवर सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली आले, म्हणजे मेथडिस्ट चळवळीतल्या चार्ल्स वेस्लींचे नातू, आणि तेही अँग्लिकन चर्चच्या नोकरीत.

पण मला हुक मोठे वाटतात ते ह्या इमारतीमुळे नाही. १८४४ मध्ये त्यांनी पार्लमेंटकडून लीड्स व्हिकरेज कायदा करून घेतला आणि स्वतःचं अवाढव्य पॅरिश तोडून त्याची छोटी छोटी स्वतंत्र पॅरिशं करायची सोय केली. प्रत्येकाला स्वतःचा व्हिकार, जो त्याच वस्तीत राहील, गल्लीतलं आजारपण आणि मयत त्याला कळेल. ह्यात हुकचं उत्पन्न कमी झालं, मान कमी झाला, आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं. हातातली सत्ता आपणहून वाटून टाकणारे लोक इतिहासात शोधावे लागतात, आणि आपण मात्र भव्य टॉवरचे फोटो काढून परत येतो. १८५९ ला ते लीड्स सोडून गेले तेव्हा १५ ची ३६ चर्चेस आणि ३ च्या ३० शाळा झाल्या होत्या. तुम्हाला जिकडे तिकडे दिसली ती चर्चेस त्यातलीच बरीचशी.

प्रश्न : चर्चमध्ये बसायला भाडं असायचं असं वाचलं, हे खरं का? (इतिहासाची विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : हो, अगदी खरं. बाकं म्हणजे दार असलेली लाकडी खोकी, कुटुंबं ती वर्षाच्या भाड्याने घ्यायची आणि गरिबांना मागे, कडेला किंवा मधल्या वाटेत ठेवलेल्या साध्या बाकड्यांवर बसावं लागायचं. आठवडाभर गिरणीत राबलेली बाई रविवारी तिथे जाऊन काय ऐकणार आणि तिला काय वाटणार, तुम्हीच सांगा. म्हणून हुकच्या कायद्यातली मला सगळ्यात आवडणारी अट हीच की नव्या पॅरिश चर्चमध्ये तळमजल्यावरच्या जागा गरिबांसाठी मोफत. तळमजल्यावर, वरच्या गॅलरीत ढकलून नाही! आणि रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांचंही त्यांना पडलं होतं, गिरणीत दिवसाला दहाच तास काम असावं ह्या मागणीला हुकचा उघड पाठिंबा होता, तो कायदा १८४७ मध्ये झाला, बायका आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी.

प्रश्न : मी यॉर्कशरमधल्या एका घराण्यावर लिहितेय. पॅरिशच्या जुन्या रजिस्टरमधून नेमकं काय हाती लागतं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, भरपूर. १८१३ पासून बाप्तिस्म्यासाठी छापील रकाने आले, त्यात आईवडिलांची नावं, राहायची जागा आणि बापाचा धंदा. जुलै १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही वडिलांची नावं आणि धंदे. सही बघायला विसरू नका, १८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये नवऱ्यांपैकी तिसरा हिस्सा आणि नवऱ्यांपेक्षा जास्त, जवळपास निम्म्या नवऱ्या मुली नुसती फुली मारायच्या. गिरण्यांच्या शहरांत लग्नाची तारीख २५ डिसेंबर दिसली तर चक्रावून जाऊ नका, त्या दिवशी सुट्टी असायची, लोक तेव्हाच लग्न उरकून घ्यायचे.

एकाच घरातल्या थोरल्याचा बाप्तिस्मा मुख्य चर्चमध्ये आणि धाकट्याचा दुसरीकडेच असेल तर लगेच घर बदललं असं लिहू नका, मधल्या काळात पॅरिशच तुटलं असेल, म्हणून आधी त्या गल्लीचं पॅरिश कुठल्या साली वेगळं झालं ते काढा. दफनाची नोंद चर्चच्या अंगणात नाही सापडली तर लीड्समधली बेकेट स्ट्रीटची दफनभूमी बघा, अंगणं भरून वाहायला लागली तेव्हा १८४५ ला नगरपालिकेने ती दफनभूमी उघडली, अर्धी अँग्लिकनांची आणि अर्धी बाकीच्यांची. तिथे गिनी ग्रेव्ह म्हणून प्रकार आहे, एका गिनीत म्हणजे २१ शिलिंगात सामाईक कबर आणि दगडावर नाव, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांची नावं एकाखाली एक, दगडाच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे तुमच्या घराण्यातलं नाव तिथे मिळालं तर वरखालच्या नावांना नातेवाईक धरून वंशवृक्षात घालू नका, आणि दगडाची मागची बाजू जरूर वाचा.