मालिका संपली, आता मी कोण?

"ज्या कामानं नाव दिलं तेच संपलं. आता मला कोण विचारणार?" मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येत राहतो. स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बँकेचे शाखाधिकारी तो विचारतात, जन्मभर 'बाई' म्हणून मान मिळवलेल्या शिक्षिका विचारतात, मुलं परदेशी गेलेली आई विचारते. पण या प्रश्नाची गाठ नेमकी कुठे बसलेली असते, ते मला एका नटाच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ दिसलं. म्हणून त्याची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीनं. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

एका विनोदी मालिकेत तो घरजावई झाला होता. मालिका चांगली चार-पाच वर्षं चालली. रस्त्यात, रिक्षात, लग्नात लोक त्याला 'जावईबापू' म्हणून हाक मारत आणि त्याचं ठरलेलं वाक्य म्हणायला लावत, "मी म्हणतच होतो!" मालिका बंद झाली तेव्हा पहिले तीन महिने घरात कुणाला फारसं काही वाटलं नाही. या धंद्यात मानधन बहुधा नव्वद दिवसांनी हातात पडतं. त्यामुळे काम थांबलं तरी खात्यात पैसे येत होते, गणपतीतल्या सुपाऱ्याही, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमाला हजेरी लावण्याची कामंही, मिळाली. घाव बसला तो चौथ्या महिन्यात. तेव्हा बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत तो यूट्यूबवर स्वतःचेच जुने भाग लावून बसायचा. भाग कमी बघायचा, खालच्या कॉमेंट्स जास्त वाचायचा. कुणीतरी लिहिलेलं असायचं, 'हा हल्ली दिसत नाही कुठे.' तेवढ्या एका ओळीवर त्याची रात्र जायची.

"मॅडम, लोकांना मी नकोय. त्यांना जावईबापू हवाय."

"कशावरून म्हणता?"

"वडिलांचं दहावं होतं, नाशिकला, रामकुंडावर. मुंडण झालेलं, अंगावर ओला पंचा. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, जावईबापू, एक सेल्फी. आणि मी हसलो, मॅडम. ते वाक्यही म्हणून दाखवलं."

हे सांगताना त्याचा राग त्या बाईंवर नव्हता, स्वतःवर होता. तिथे मी सावध झाले. लोक आपल्याला पात्रापासून वेगळं बघत नाहीत ही त्याची तक्रार खरी होती, पण घाटावर त्याच्यावर सक्ती कुणी केली नव्हती. 'समोरच्यानं मला पसंत केलंच पाहिजे, नाहीतर मी संपलो' हा हुकूम त्याचा त्यानंच स्वतःला सोडला होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचाराची पद्धत मांडायला सुरुवात केली आणि अखेरपर्यंत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं समजावली: इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं आणि ते सोसता येतं, पण इच्छेचा हट्ट झाला की माणूस आतून मोडायला लागतो. इतक्या वर्षांच्या कामात मला याहून उपयोगी पडलेलं दुसरं काही नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते.

त्याला मी घरी करायला एक काम दिलं. कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं, जावईबापूमुळे काय मिळालं. उजवीकडे, माझ्यामुळे काय झालं. पुढच्या भेटीला तो कागद भरून घेऊन आला. डावीकडे ठाण्यातल्या फ्लॅटचे हप्ते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पुरस्कार, लोकांचं प्रेम. उजवीकडे नाकारलेल्या ऑडिशन्स, थोड्याच प्रयोगांत बंद पडलेलं नाटक, वाढलेलं वजन, मुलीवर उगारलेला हात.

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. चांगलं तेवढं सगळं पात्राच्या नावावर आणि वाईट तेवढं सगळं स्वतःच्या. मग आठवलं, शाखाधिकारीही हेच करतात. मान मिळाला तो खुर्चीला, चुका झाल्या त्या माझ्या. बाईही हेच करतात, आईही. गाठ इथे आहे. काम असतं तोवर हा उलटा हिशेब खपून जातो, कारण डावा रकाना रोज भरत असतो. काम संपलं की फक्त उजवा उरतो आणि माणसाला वाटतं, मी म्हणजे एवढंच.

"हा घरजावई तुमच्या हातात आला तेव्हा कागदावर किती होता?" मी विचारलं.

"दीड ओळ. वय पस्तीस, आळशी, खादाड, सासऱ्याच्या जिवावर जगतो."

"मग तो खुर्चीत कसा बसतो, हे कुणी लिहिलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून घेतली आणि बसून दाखवलं. पार पुढच्या कडेवर, गुडघे जुळवून, कधीही उठावं लागेल अशा बेतानं. त्याचे एक मामा लालबागच्या चाळीत सासरीच राहायचे. ते आयुष्यात कधी पाठ टेकून बसले नाहीत. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे. कुणी विनोद केला तर आधी सासूकडे बघायचे, ती हसली तरच हसायचे. बोलताना त्यानं हे सगळं करून दाखवलं, बशी नसताना बशी धरून. आणि मग ते वाक्य. वाक्याच्या आधी त्यानं एक आवंढा गिळला, अगदी बारीक. मालिका मीही पाहिली होती, पण तो आवंढा मला कधी दिसला नव्हता. "दिग्दर्शक म्हणाले होते, हा पॉज सोडू नकोस, पंच त्यातच आहे," तो म्हणाला. ज्याला आपण सगळे आळशी म्हणून हसत होतो, तो घरातून काढून टाकतील या भीतीनं बसलेला माणूस होता. मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो खुर्चीत मागे सरकला, पाठ टेकली आणि म्हणाला, "हे कुणी लिहून दिलं नव्हतं, मॅडम. मामांना मीच बघितलं होतं."

अशा क्षणी समुपदेशकानं गप्प राहावं. मी राहिले.

पण काम इथे संपत नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण बरेच जण इथेच थांबतात. पुढच्या वेळी तो सगळी डावी बाजू उचलून स्वतःच्या नावावर टाकून आला. खुशीत होता. मी विचारलं, "आणि पुढचं नाटक पडलं तर?" चेहरा उतरला. दोन्ही रकाने कामाचे आहेत. कामाला गुण द्यावेत, कापावेत, माणसाला गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. यावर आमची कितीतरी भेटींत वादावादी झाली.

"आमच्या धंद्यात दर गुरुवारी टीआरपी येतो, मॅडम. किंमत त्यावर ठरते."

"मालिकेची ठरते. मुलीला गणितात कमी गुण पडले तर मुलगी कमी होते का?"

"नाही."

"मग हा नियम घरात तुम्हाला सोडून सगळ्यांना लागू आहे का?"

'एकदा विनोदी शिक्का बसला की नट संपला' हे त्याचं दुसरं पालुपद. मी उदाहरणं काढली. दिलीप प्रभावळकर मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले, २००१ साली सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये घराघरांतले आबा झाले, आणि २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी. त्या भूमिकेचा राष्ट्रीय पुरस्कारात उल्लेख झाला. अशोक सराफ बँकेत नोकरी करता करता रंगभूमीवर उभे राहिले, आणि मराठी पडद्यावर एवढं मोठं नाव झाल्यावरही १९९५ मध्ये 'हम पांच'सारख्या हिंदी मालिकेत पाच मुलींचे वडील होऊन नव्या प्रेक्षकांसमोर गेले. दिलीप जोशी जुलै २००८ पासून जेठालाल आहेत. एकाच पात्राला इतकी वर्षं ताजं ठेवणं हीही एक वाट आहे आणि ती कमी प्रतीची नाही. "ते मोठे लोक," तो म्हणाला. बरोबर. म्हणून त्यांच्यासारखं व्हा असं मी म्हटलंच नाही. तो ज्याला नियम समजत होता तो नियम नाही, एवढं दाखवायला ती नावं पुरेशी होती.

घरच्यांनाही यात करण्यासारखं बरंच असतं. त्याच्या बायकोच्या मोबाइलमध्ये नवऱ्याचा नंबर 'जावईबापू' नावानं होता, प्रेमानंच ठेवलेला. मी तो बदलायला सांगितला. निवृत्त वडिलांना सारखं 'साहेब' म्हणणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते. मालिकेत असणाऱ्या तरुणांना सांगते की काम जोरात असतानाच वर्षातून एखादी एकांकिका, एखादं शिबिर असं काही करा, जिथे तुमच्या पात्राला कुणी विचारत नाही. मालिकेआधीचे मित्र सोडू नका. नव्वद दिवसांचं येणं हे उत्पन्न समजू नका, ती मागची मजुरी आहे. आणि कॉमेंट्स झोपायच्या आधी वाचू नका.

तो आता नव्या मुलांना अभिनय शिकवतो. एका वेब सीरिजमध्ये लहानसा हवालदार केला. अजून मोठं काम मिळालेलं नाही आणि त्याचं त्याला वाईट वाटतं. वाटायलाच हवं. सुपारी आली तर ते वाक्य म्हणतो, त्याचे पैसे ठरवून घेतो. स्मशानात किंवा दवाखान्यात कुणी सेल्फी मागितला तर हात जोडून नाही म्हणतो.

काम सुटल्यावर दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर कागदावर रेघा मारत बसू नका. सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.