शेपटीविना उडायचं असेल तर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, ड्रोनवर काम करायचं ठरवलंस, मनापासून आनंद झाला. पण पत्रभर रडारलहरी शोषणाऱ्या लेपांबद्दलच विचारलं आहेस, म्हणून आधी तिथून तुला जरा बाजूला ओढतो.

विमान लपतं ते मुख्यतः आकारामुळे, लेप त्यानंतर. आणि गणित कठोर आहे. रडारला विमान किती अंतरावरून दिसेल, हे त्याच्या परावर्तनक्षेत्राच्या (ते रडारला किती मोठं भासतं, याच्या मापाच्या) चौथ्या मुळावर ठरतं. अंतर निम्मं करायचं तर परावर्तन 16 पट कमी करावं लागतं. म्हणून शेपटीवर गदा येते. उभी शेपटी आणि आडवा पृष्ठभाग यांचा काटकोन आलेली लहर आल्या वाटेने परत धाडतो.

शेपटी गेली की नाक सरळ ठेवणारं कुणी उरत नाही. मग पंखांच्या टोकांशी दुभंगणारे फ्लॅप, म्हणजे वर-खाली उघडणाऱ्या झडपा, बसवतात. एका बाजूचा उघडला की तिकडे हवेचा अवरोध वाढतो आणि नाक त्या बाजूला वळतं. पण उघडलेला फ्लॅप रडारला दिसतो! वळायचं की लपायचं, हा झगडा उड्डाण-संगणकाला क्षणोक्षणी सोडवावा लागतो. मला विचारशील तर या ड्रोनचा सगळा जीव इथे आहे. तू नियंत्रणशास्त्र शीक, असं मी म्हणतो ते यासाठीच.

आपल्या डीआरडीओचंच बघ. चित्रदुर्गच्या चाचणी तळावर 1 जुलै 2022 रोजी त्यांचं फ्लाइंग विंग, म्हणजे नुसत्या पंखाच्या आकाराचं, वैमानिकाविना उडणारं विमान पहिल्यांदा उडालं. उड्डाणापासून उतरण्यापर्यंत सगळं स्वयंचलित. पुढे वेगवेगळ्या रचना तपासत गेले, आणि शेपटीविना अंतिम रचनेतलं उड्डाण जाहीर झालं ते डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या दीड वर्षाची बातमी झाली नाही, पण तुझ्यासारख्याचं काम त्याच दीड वर्षात असतं.

अमेरिकेच्या एक्स-47बी या बिनशेपटीच्या ड्रोनचा एक दिवसही लक्षात ठेव. 10 जुलै 2013 ला ते विमानवाहू जहाजावर दोनदा उतरलं. पुढच्या प्रयत्नात एका दिशादर्शक संगणकातला बिघाड त्याने स्वतःच ओळखला, आणि जहाज सोडून ते किनाऱ्यावरच्या वॉलॉप्स बेटाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरलं. आधीच्या दोन लँडिंगांपेक्षा मला ही माघार मोलाची वाटते. आपलं काहीतरी बिघडलंय हे यंत्राला कळणं फार अवघड असतं.

आता कामाचं. थर्माकोलच्या पातळ शीटमधून बिनशेपटीचा बाणाकृती ग्लायडर काप. मागची कड किंचित वर वळव. नाकाशी थोडं वजन चिकटव आणि गुरुत्वमध्य बोटभर पुढेमागे सरकवत फेकून बघ. दर फेकीची नोंद वहीत ठेव, बिघडलेल्या फेकीची आधी.

पहिल्या दहा फेकी झाल्या की लिही. ग्लायडर नाक खाली घालून पडला की वर काढून, तेवढं नक्की कळव.

तुझा,
काका