पंपाच्या मोटरच्या करंटची वर्षभराची रीडिंग आहेत. त्यात पुन्हापुन्हा येणारे पॅटर्न कसे शोधायचे?

दर सेकंदाला एक, म्हणजे वर्षाची ३ कोटी १५ लाख रीडिंग. सरकती खिडकी (थोडं थोडं पुढे सरकत घेतलेले ठरावीक लांबीचे तुकडे) घेऊन के-मीन्स (सारख्या तुकड्यांचे गट पाडणारी पद्धत) लावलं तर सगळे गट साइन वेव्हसारखे निघाले, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुमच्या डेटाचा दोष नाही. ओव्हरलॅप होणाऱ्या तुकड्यांवर ही पद्धत लावली की डेटा कुठलाही असो, असंच होतं. एमन कीओ, जेसिका लिन वगैरे संशोधकांनी हे २००३ मध्येच दाखवलंय. मॅट्रिक्स प्रोफाइल वापरा. पायथनमध्ये त्यासाठी स्टम्पी ही लायब्ररी आहे.

प्रत्येक तुकड्याचा सर्वांत जवळचा जोडीदार कुठे आणि किती अंतरावर, एवढंच त्यात साठवतात. आधी दहा-दहा सेकंदांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली येणारी किंमत) घ्या नि एकाच महिन्यावर चालवा: २,५९,२०० बिंदू. पंप एका वेळी वीस मिनिटं चालतो, म्हणून खिडकी १२० बिंदूंची. मग ६० आणि २४० सुद्धा करून बघा. मात्र मोटर सुरू होतानाचा करंटचा झटका मीडियनमध्ये पुसला जातो. तोच हवा असेल तर सुरू होण्याच्या आसपासची एक सेकंदाची रीडिंग वेगळी तपासा.

सगळ्यात जास्त घोळ बंद पंपामुळे होतो. तुलनेआधी प्रत्येक तुकडा झेड-नॉर्मलाइझ होतो (त्याची सरासरी शून्य आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे चढउताराचं माप, एक केलं जातं), त्यामुळे सपाट रेषेवरचा नॉइजही ताणून मोठा होतो. रीडिंग तंतोतंत सारखी असतील तर अंतर थेट शून्य येतं आणि यादीत सगळ्यात वर 'पंप बंद' हाच पॅटर्न दिसतो. पण म्हणून बंद वेळ कापून उरलेले तुकडे जोडू नका, जोडावर खोटे आकार तयार होतात. तिथे एनएएन, म्हणजे 'रीडिंग नाही' ही खूणही भरू नका. एक एनएएन असला तरी ती अख्खी खिडकी बाद होते आणि पंप सुरू होण्याचा भाग हातचा जातो. पूर्ण प्रोफाइल काढा, मग ज्या खिडक्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन बंद पंपाच्या नॉइजच्या पाचपटीपेक्षा कमी आहे त्या वगळा. रीडिंग खरोखरच गहाळ असतील तिथे मात्र एनएएनच ठेवा. सरळ रेषेने भरलीत तर चढत्या रेषा नॉर्मलाइझ झाल्यावर हुबेहूब सारख्या होतात.

१२० च्या खिडकीत ४.९ अंतर म्हणजे ०.९ कोरिलेशन (१ असेल तर आकार हुबेहूब सारखे), त्याहून जास्त अंतराच्या जोड्या मी धरत नाही. सापडलेला आकार स्टम्पीच्या मॅच फंक्शनला देऊन वर्षभरातल्या त्याच्या सगळ्या जागा काढा आणि प्रत्येक जागेचा सरासरी करंट शेजारी लिहा. नॉर्मलाइझ केल्यामुळे ४ अँपिअर आणि ८ अँपिअरच्या फेऱ्या इथे एकसारख्याच दिसतात, आणि पंपावर लोड वाढलाय का हे त्या सरासरीतूनच कळेल.