परदेशी टीम ‘नाही’ कसं म्हणते ते आधी शिका

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

या वेळी बरीच पत्रं परदेशातल्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांची आली. कुणी घरून काम करतंय, कुणी तिकडे जाऊन राहिलंय. तक्रारी वेगवेगळ्या आहेत पण मुळाशी बघितलं तर घोळ एकाच जागी होतो, समोरचा नकार देतोय की होकार हेच कळत नाही. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली. कुणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमचा क्लायंट जपानी आहे. डेमो झाला की सगळे मान हलवतात, छान छान म्हणतात, थँक्यू म्हणतात आणि नंतर कितीतरी आठवडे काही हालचालच नाही. मेल टाकला की ‘आम्ही विचार करतोय’. इकडे मॅनेजर रोज विचारतो अप्रूव्हल कधी येणार. हे लोक तोंडावर गोड बोलतात आणि मनात वेगळंच असतं असं वाटायला लागलंय.

उत्तर : ते शेवटचं वाक्य आधी मनातून काढा बघू. समोरचा खोटं बोलतोय असं एकदा तुम्ही ठरवलंत की त्याचं पुढचं काहीच तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. ते खोटं बोलत नाहीयेत. बऱ्याच जपानी कंपन्यांत निर्णय मीटिंगमध्ये होतच नाही, तो मीटिंगच्या आधी होतो. ज्याचा ज्याचा त्या कामाशी संबंध आहे त्या प्रत्येकाला आधी वेगवेगळं भेटून, त्याच्या शंका ऐकून, प्रस्तावात थोडे बदल करून सगळ्यांना तयार करतात (याला तिकडे नेमावाशी म्हणतात) आणि मग मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब होतं. तुम्ही काय करताय, तर डेमोमध्ये एकदम नवीन गोष्ट समोर ठेवताय आणि तिथल्या तिथे उत्तर मागताय. तिथे बसलेल्या एकालाही एकट्याने हो म्हणायचा अधिकार नसतो, आणि चार लोकांसमोर तुम्हाला नाही म्हणणं म्हणजे तुमचा अपमान. मग ते मान हलवतात. त्या मान हलवण्याचा अर्थ ‘ऐकलं, समजलं’ एवढाच धरा.

यानंतर तुमचा कागद त्यांच्या ऑफिसात खालून वर फिरतो, एकेकाची संमती घेत, आणि त्याला वेळ लागतो. पण एकदा का सगळ्यांची संमती झाली की पुढचं काम भराभर होतं कारण मध्येच उठून कुणी फाटे फोडत नाही. हे तुमच्या मॅनेजरला समजावून सांगा, म्हणजे तुमच्यावरचं प्रेशर थोडं कमी होईल.

आता त्यांचं ‘नाही’ कसं ओळखायचं ते सांगते. ‘हे जरा अवघड वाटतंय’ असं म्हणाले तर बहुतेक वेळा ते नाहीच असतं. ‘आत बोलून बघतो’ असं म्हणाले आणि कधी ते सांगितलं नाही, तरीही तेच. तुम्ही प्रश्न विचारला आणि समोर बराच वेळ शांतता पसरली तर ती भरून काढायला लगेच बोलू नका, त्या शांततेतच उत्तर असतं. आणि ‘ओके ना?’ असं विचारणं पूर्ण बंद करा, कारण त्याला सभ्य माणूस ओकेच म्हणणार. त्याऐवजी ‘यातला कुठला भाग तुमच्या लोकांना वापरायला सगळ्यात त्रासाचा जाईल?’ किंवा ‘हे अजून कुणाकुणाला दाखवायला हवं?’ असं विचारा. अशा प्रश्नाला तोंडदेखलं हो म्हणताच येत नाही, काहीतरी खरं सांगावंच लागतं. डॉक्युमेंट डेमोच्या चार-पाच दिवस आधी पाठवा, आणि ज्याच्याशी तुमचं बऱ्यापैकी जमतं त्याला आधी एकट्याला फोन करून काय वाटतं ते विचारा. एकट्याशी बोलताना माणूस मोकळं बोलतो.

एडवर्ड हॉल नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होते, १९५० च्या दशकात ते परदेशी पोस्टिंगवर जाणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचे. काही समाजात बहुतेक अर्थ बोललेल्या शब्दांत असतो आणि काही समाजात तो प्रसंग, नातं, कोण कुणाला बोलतंय, काय बोललं गेलं नाही यात असतो, हा फरक त्यांनी मांडला. जपान या दुसऱ्या टोकाला, अमेरिका आणि जर्मनी पहिल्या टोकाला. पण भाषा एक असली म्हणून सुटका होते असंही नाही हं. एप्रिल १९५१ मध्ये कोरियन युद्धात इमजिन नदीवर ब्रिटिश तुकडीवर चिनी सैन्याचा प्रचंड हल्ला झाला. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन जनरलला कळवलं की इकडे जरा अडचणीचं आहे. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘जरा अडचण’ म्हणजे गळ्याशी आलंय, आणि अमेरिकन जनरलने मात्र कठीण आहे पण निभावतंय असा अर्थ घेतला, ही हकीगत लष्करी इतिहासात आजही सांगतात. त्या तुकडीतली ग्लॉस्टर बटालियन वेढली गेली, तिचे बहुतेक सैनिक कैद झाले आणि थोडेच सुटून परत आले. दोघंही इंग्रजीच बोलत होते.

प्रश्न : माझी नवी मॅनेजर डच आहे. पहिल्याच रिव्ह्यूत तिने सगळ्यांसमोर सांगितलं की हा रिपोर्ट वापरण्यासारखा नाही, पहिली दहा पानं काढून टाक. मला रात्रभर झोप नाही. पुढच्या दिवशी ती अगदी नॉर्मल, हसून बोलत होती जणू काही झालंच नाही. मी राजीनामा द्यावा का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. तिच्या दृष्टीने खरंच काही झालेलं नाही. नेदरलँड्समध्ये कामातली चूक स्पष्ट सांगणं हा प्रामाणिकपणा समजतात, आडवळणाने सांगितलं तर उलट हा माणूस काय लपवतोय अशी शंका घेतात. ती पानांबद्दल बोलली, तुमच्याबद्दल नाही, आणि तुम्हीही तिला तितकंच स्पष्ट बोलावं अशीच तिची अपेक्षा असणार. ‘पाचवं पान ठेवायला हवं, कारण त्याशिवाय आकडे कळत नाहीत’ असं कारण देऊन सांगा, तिला राग येणार नाही, आणि ज्युनिअरने बॉसला मीटिंगमध्ये खोडून काढणं तिकडे रोजचंच आहे.

हे लिहितेय खरं, पण तुम्हाला लागलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. लागतंच. तुम्ही तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगू शकता की माझ्या कामाबद्दल काही मोठं बोलायचं असेल तर आधी मला एकटीला सांगाल का, मला ते जास्त उपयोगी पडेल. स्पष्ट बोलणाऱ्या लोकांना स्पष्ट मागितलेलं आवडतं. जुळवून घ्यायची जबाबदारी दरवेळी तुमच्या एकटीचीच का असावी.

आणि कौतुकाचंही तसंच असतं, ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाने मोजतात. अमेरिकन बॉस आधी दोन-तीन चांगल्या गोष्टी सांगेल, मग हळूच ‘इथे थोडं बघता येईल का’ म्हणेल, आणि खरा मुद्दा त्या ‘थोडं’मध्येच असतो, तो हमखास सुटतो. फ्रान्समध्ये शाळेत मार्क २० पैकी देतात आणि बारावीच्या तोडीच्या परीक्षेत १६ मिळाले की ‘फार छान’ शेरा मिळतो. वीसपैकी वीस कुणाला पडत नाहीत असं मानत मोठी झालेली माणसं कौतुक करताना हात आखडता घेणारच ना, ‘वाईट नाही’ म्हणाली तरी खुशाल खूश व्हा.

प्रश्न : मी टीम लीड आहे, टीममध्ये पाच-सहा देशांची माणसं. काही जण मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत, विशेषतः सीनिअर हजर असले की. प्रोजेक्ट फसल्यावर कळतं की त्यांना आधीच माहीत होतं!

उत्तर : २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपआधी गुस हिडिंक हे डच कोच दक्षिण कोरियाच्या टीमकडे आले तेव्हा त्यांनाही साधारण हेच दिसलं. लहान खेळाडू मोठ्यांना मैदानावर ओरडून काही सांगायचे नाहीत, मानाने हाक मारण्यात वेळ जायचा. त्यांनी मैदानावर मानाची संबोधनं बंद करायला सांगितली. ती टीम सेमीफायनलपर्यंत गेली. हे एवढ्या एका कारणाने झालं असं नाही, तयारी प्रचंड होती, पण त्यांनी मुलांना नुसतं ‘बोला, बोला’ म्हटलं नाही, बोलण्याच्या आड येणारी गोष्टच बाजूला केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुम्हीही तसंच बघा. शंका मीटिंगच्या आदल्या दिवशी लिहून मागवा, नाव न टाकता चालेल म्हणा. मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनिअर माणसापासून सुरुवात करा आणि तुमचं मत शेवटी सांगा, कारण लीडचं मत आधी आलं की अर्धे लोक तिथेच थांबतात. आणि कुणी वाईट बातमी आणलीच तर पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच असू द्या. एकदा कुणाला वाईट बातमीवरून झापलंत की पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणारच नाही.

प्रश्न : जर्मन असे, जपानी तसे, हे सगळं म्हणजे माणसांवर लेबल चिकटवणं नाही का?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांचा, त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या जगभरातल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या. त्यांनी स्वतःच बजावलंय की हे आकडे देशादेशांची तुलना करायला आहेत, एकेका माणसाला लावायला नाहीत. शिवाय सगळी माणसं एकाच कंपनीची होती आणि आता त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, तेवढ्यात देश बदलतात. म्हणून ही माहिती पहिल्या दिवसापुरती वापरा, अंदाज म्हणून. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या माणसाकडे बघा. मितभाषी अमेरिकन आणि तोंडावर नाही म्हणणारा जपानी दोघंही भेटतात, आणि कितीदा तर देशापेक्षा इंजिनिअर आणि सेल्सवाला यांच्यातलाच फरक मोठा निघतो.

प्रश्न : बॉसला नावाने हाक मारायची का? आणि रात्री मेल पाठवला तर चालतं का?

उत्तर : स्वीडनमध्ये मारा. तिकडे १९६० च्या दशकाच्या शेवटी आदरार्थी संबोधनं जवळपास सगळ्यांनीच सोडून दिली, आता आडनावाने हाक मारलीत तर उलट परकेपणा वाटतो. जर्मनीत थांबा, एकेरीवर यायचं आमंत्रण वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाकडून येतं. काही कंपन्यांत पहिल्या दिवसापासून एकेरी असतं, पण ते त्यांना सांगू दे.

मेलचं म्हणाल तर काही देशांत याबद्दल कायदाच आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. ऑस्ट्रेलियात कामाच्या वेळेनंतर आलेल्या फोनला किंवा मेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला आहे, नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. तुम्ही तुमच्या सोयीने रात्री लिहा, पण शेड्यूल करून त्यांच्या सकाळी नऊला जाईल असं ठेवा. अगदीच लगेच पाठवायचा असेल तर सब्जेक्टमध्येच ‘उत्तर उद्या दिलं तरी चालेल’ असं टाका, आणि तारीख लिहिताना महिन्याचं नाव अक्षरात लिहा, कारण ०३/०४ म्हणजे अमेरिकनासाठी चार मार्च आणि ब्रिटिशासाठी तीन एप्रिल.